पाचवी वाटी

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते. नाव छापू नका. घरी आम्ही पाच माणसं: मालक, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि मी. साडेतीन एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. आपलं काम नसलं की मी दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जाते. पहाटे पाचला उठते, नऊला घर सोडते, परत यायला सहा-साडेसहा होतात. मागच्या महिन्यात गावात तपासणी झाली. माझं हिमोग्लोबिन 8.9 निघालं, मुलीचं 10.2. डॉक्टर म्हणाले, दूध, फळं, डाळिंब, खजूर खा. मोबाइलवर पाहिलं तर तिथं ओट्स आणि बदाम सांगतात. आमचा आठवडी बाजार पाचशे रुपयांत होतो ताई, त्यात तेलही आलं. मुलगा दुकानातलं पुडकं घेतल्याशिवाय शाळेत जात नाही, रोजची दोन होतात. सासूबाईंना शुगर आहे. सकाळी भाजी-भाकरी करते. संध्याकाळी आल्यावर हातपाय चालत नाहीत, मग खिचडी, नाही तर बेसन. अंडं-मटण आमच्यात चालतं. पौष्टिक कसं रांधायचं, कधी, आणि एवढ्या पैशात कसं, हे मला कुणी खरं सांगेल का?"

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे 8.9 या आकड्यावरच अडले. दुसऱ्यांदा वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. मुलाची पुडकी लिहिलीस, सासूबाईंची शुगर लिहिलीस, सकाळी काय रांधतेस आणि रात्री काय तेही लिहिलंस. तू स्वतः काय खातेस आणि कधी, ते मात्र कुठंच नाही.

न लिहिताही मला ते दिसतं. माझी तीस वर्षं अंगणवाडीत गेली. गावातल्या पोरांची वजनं घ्यायची, आयांना आहार समजावायचा, हेच काम. माझा धाकटा दीड वर्षाचा होता तेव्हा माझं स्वतःचं रक्त 7.8 निघालं. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की मी बसायची. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी चिकटलेलं वरण भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची, वर तेल-मीठ नाही तर मिरचीचा ठेचा. भाकरी असायची, त्यामुळं पोट भरायचं. डाळ-भाजी मात्र तोवर संपलेली असायची. घरात कुणी हे ठरवून केलं नव्हतं. वाढणारी मीच होते आणि मागून बसणारीही मीच, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. मलाही नाही.

आमच्या आजेसासू तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. तपासणीचा कागद त्यांना वाचून दाखवला, त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीजवळ पाट टाकून बसल्या, वरणाचा गंज उतरवून घेतला आणि कुणी जेवायला बसायच्या आधी घरात जितकी माणसं तितक्या वाट्या मांडून भरल्या. माझ्या वाटीवर ताटली झाकली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे तिचं हाय. याले कोनी हात लावाचा नाई." त्या असेपर्यंत रोज हेच चाललं. त्या गेल्यावर मी स्वतः चालवलं.

तुझ्या घरी पाच माणसं आहेत. आज रात्री पाच वाट्या मांड. डाळ असो, बेसन असो, भाजीचा रस्सा असो, वाढायच्या आधी पाचही वाट्या सारख्या भर आणि पाचवी झाकून बाजूला ठेव. कुणाला पुन्हा हवं असेल तर गंजात उरलेलं घेऊ दे, तुझ्या वाटीतलं नाही. मुलीची वाटी मुलाच्या वाटीएवढीच भरली का, तेही बघ. लोक मला विचारतात, स्वस्तातला पौष्टिक आहार कोणता. घरात आधीच शिजलेल्या डाळीतला आपला वाटा आपण खाणं, यापेक्षा स्वस्त मला काही माहीत नाही.

आता रक्ताचं. बाईचं हिमोग्लोबिन 12 असावं लागतं. 8.9 ही नुसत्या भाजीपाल्यावर भरून निघेल अशी उणीव नाही, त्याला गोळ्या लागतात. त्या उपकेंद्रात फुकट मिळतात. सिस्टरना किंवा आशाताईंना तुझा कागद दाखव, दिवसाला किती आणि किती महिने ते त्या सांगतील. मुलीला शाळेत आठवड्याची निळी गोळी मिळत असेल, पण 10.2 ला तेवढी पुरत नाही, तिलाही उपकेंद्रात ने. गोळ्या घेऊन मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून निम्म्या बाया आठ दिवसांत सोडून देतात. काळं होणं ठीक आहे, भिऊ नको. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घे, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहासोबत कधीच नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून गोळी असो की जेवण, चहा त्याच्या तासभर अलीकडे नाही तर पलीकडे. सकाळी चहात पोळी बुडवून खायची सवय आपल्याकडे घरोघर आहे, ती हळूहळू मोडायला हवी.

पाळी जास्त जाते का, तेही डॉक्टरांना सांग. लाजू नको. आणि दोन-अडीच महिने नेमानं गोळ्या घेऊनही मुलीचं रक्त हललं नाही, किंवा तिचे हातपाय, सांधे वारंवार दुखत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घे. आपल्या विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. सिकलसेलच्या पोराला रक्त वाढावं म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या देत राहणं चुकीचं ठरतं. शाळेत जंताची गोळी देतात तो दिवस दोघांचाही चुकवू नको, पोटात जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

डाळिंब आणि खजूर यांचा विचार तू मनातून काढून टाक. लाल दिसतं ते रक्त वाढवतं, ही समजूत फार जुनी आहे. डाळिंबात आणि बिटात लोह अगदी थोडं असतं. गूळ साखरेहून थोडा बरा, पण गुळानंही 8.9 चे 12 होत नाहीत. परवडत नाही म्हणून मन खाऊ देऊ नको, त्यात तुझं काही सुटत नाही आहे. लोह मिळतं ते हिरव्या पालेभाज्यांतून, तीळ-जवस-कारळातून, डाळी-कडधान्यांतून, आणि तुमच्यात चालतं म्हणून सांगते, मटण-कलेजीतून. या प्रत्येकासोबत काहीतरी आंबट हवं, म्हणजे ते अंगात शिरतं. लिंबू, आवळा, बोरं, संत्री, जाम म्हणजे पेरू. जामात तर संत्र्यापेक्षाही जास्त क जीवनसत्त्व असतं आणि या दिवसांत ते कुणाच्या तरी अंगणात लागलेलंच असतं. मागायला संकोच करू नको. मुलांना दुपारी जाम खाऊ दे, मीठ-तिखट लावून.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे एवढं लांब लिहायला बसले, ते तुझ्या वावरातल्या तुरीचं. तुझं पत्र पौषात आलं, म्हणजे तूर आता कापणीला आली असेल. दहा-पंधरा दिवसांत मळणी होईल, पोती ओसरीत येतील आणि बाजारात जातील. हातउसने आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, हे मी जाणते. तरी सांगते, पोती गाडीत चढायच्या आधी एक क्विंटल तूर घरासाठी काढून ठेव. पूर्वी जमिनीतल्या पेवात धान्य जपून ठेवायचे, तशी ही तूर घरात जपून ठेव. पूर्वी आधी घरची कणगी भरायची आणि मग उरलेलं बाजारात जायचं. आता सगळं आधी बाजारात जातं आणि आषाढात आपणच पाव-पाव किलो डाळ दुकानातून आणतो. तूर पिकवणारं घर, आणि वरणात डाळ शोधावी लागते.

हिशोब करून बघ. एक क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते. वर्षभर रोज काढली तर दिवसाला जवळजवळ 190 ग्रॅम. पाच माणसांत प्रत्येकाला अडतीस-चाळीस ग्रॅम आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात माणशी 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. तेवढं आपल्याला एकदम जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून तक्ता बाजूला टाकायचंही कारण नाही. निम्मं तर तुझ्या स्वतःच्या वावरातून आलं. उरलेल्यात बेसन आहे, मूग आहे, बरबटी म्हणजे चवळी आहे, शेंगदाणे आहेत. डाळ करायला अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाल मिल आता बऱ्याच गावांत बचत गटांनी आणली आहे. नसेल तर जातं आहेच. चुरी आणि टरफल शेळीला होतं.

यात पैशाचा फार मोठा फायदा दिसेल असं मी म्हणत नाही. तूर विकून तेवढ्याच पैशात डाळ आणली तर हिशोब जवळपास सारखाच बसेल, मालक कदाचित हेच म्हणतील. पण कोठीतली डाळ हातात पैसे नसतानाही शिजते, आणि दुकानातली डाळ पैसे असतील तेव्हाच. आषाढ-श्रावणात निंदणाचं काम जोरात असतं, अंग मोडून जातं, आणि बियाण्या-खताला पैसे गेल्यामुळं नेमकं तेव्हाच घरात काही नसतं. म्हणून कोठी.

मालकांपुढं हा विषय पोती भरून झाल्यावर काढू नको, तेव्हा त्यांच्या डोक्यात सावकार असतो. आधी सासूबाईंना सांग. त्यांनी कणगी पाहिली आहे, त्या तुझ्या बाजूनं बोलतील. आणि मालकांना दोन्ही रक्ताचे कागद समोर ठेवून सांग. मुलीचा कागद आधी दाखव. बाप पोरीचा आकडा बघून ऐकतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

सोयाबीनही असंच. आपण पोत्यांनी पिकवतो आणि दाणाभर खात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात डाळीपेक्षाही जास्त प्रथिनं असतात. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, एवढंच घे. पण कच्चं दळायचं नाही, कच्चं पचत नाही. आधी वीस-पंचवीस मिनिटं चांगलं उकळ, कडक उन्हात खडखडीत वाळव, मग गव्हात मिसळून चक्कीवर दे. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, गव्हाची पोळी त्यानं मऊ होते आणि वासही लागत नाही. एकाला पाच असं करू नको, मग लागतो आणि पोरं पोळी बाजूला सारतात.

संध्याकाळी तू खिचडी नाही तर बेसन करतेस, आणि ते कमीपणानं लिहिलंस. बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच. बेसन-भाकरी, वर कांदा आणि लिंबाची फोड, हे चांगलं जेवण आहे. खिचडीत फक्त माप बदल. आपण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो, तिथं दोनाला एक कर. मूठभर शेंगदाणे टाक, मेथीची अर्धी जुडी चिरून टाक. चव वाढते आणि वेळ तेवढाच लागतो.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मात्र डाळभाजी कर. लग्नाच्या पंगतीत वांगं-आलूच्या भाजीशेजारी वाढतात तीच. तिला वेळ लागतो असं वाटतं, पण लागत नाही. सकाळी घरातून निघताना वाटीभर तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे पाण्यात टाकून जा. आत्ताच्या थंडीत दिवसभर भिजलं तरी चालतं, उन्हाळ्यात आल्यावर अर्धा तास भिजव. आल्यावर हातपाय धू, कुकरमध्ये ती डाळ-शेंगदाणे, पालक नाही तर चाकवत बारीक चिरून, हळद, दोन वाट्या पाणी, आणि झाकण लाव. तीन-चार शिट्ट्या होईपर्यंत पाठ टेकून बस, खरोखर बस. झाकण उघडलं की रवीनं दोन-चारदाच फिरव, शेंगदाणे अख्खे राहिले पाहिजेत, दाताखाली आले की पोरं शोधून खातात. चमचाभर बेसन पाण्यात कालवून त्यात सोड, म्हणजे पाणी आणि भाजी वेगळी होत नाही. मग लोखंडी कढईत तेल तापव, जिरं, सात-आठ पाकळ्या लसूण ठेचून, तो तांबूस झाला की दोन लाल मिरच्या, आणि सगळं त्यात ओत. चर्र झालं की पाच मिनिटं उकळू दे. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, ताटात लिंबू. लोखंडी कढईत शिजलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं, म्हणून जुनी कढई भंगारात घालू नको. फक्त शिजल्यावर भाजी तिच्यात ठेवायची नाही, काळी पडते.

आणि हे सगळं एकट्या तू करायचं असं कुठं लिहिलेलं नाही. सध्या तुरीच्या शेंगा हिरव्या मिळतात, मुलाला आणि मालकांना दोघांनाही सोलायला बसव. सोले निघाले की सोलेभात होतो, त्याला दुसरी भाजी लागत नाही. मुलीला सगळं काम लावू नको. तिचंही रक्त कमी आहे आणि तिला अभ्यास आहे.

रविवारी, नाही तर बाजाराच्या दिवशी, तासभर काढून पंधरा दिवसांची चटणी कुटून ठेव. जवस भाजून, त्यात थोडे तीळ, लसूण, तिखट, मीठ. कारळ मिळालं तर तेही. वावरात जाताना भाकरीसोबत नुसतं मीठ-मिरची न नेता ही चटणी दोन चमचे ने, वर कच्चं तेल. नऊला निघण्याआधी मात्र काहीतरी खाऊनच नीघ, रात्रीच्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा का होईना. उपाशी निघून दुपारी एकला पहिला घास घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, भूक मारायला तोंडात तंबाखू धरतात. तुला ती सवय असेल तर मी रागावत नाही, पण सोड. आणि घरात खर्रा (सुपारी-तंबाखूचा) येत असेल तर त्याचा महिन्याचा खर्च एकदा कागदावर मांडून बघ, तो तुझ्या बाजाराच्या जवळ जाईल.

पुडक्यांचाही हिशोब असाच आहे. रोज दोन म्हणजे दहा रुपये, महिन्याला तीनशे. सात रुपयांनी धरलं तर त्यात चाळीसहून जास्त अंडी येतात. मुलाला आठवड्यात पाच, मुलीला पाच, आणि महिन्याचे तीनशे तिथंच संपले, तुझ्या पाचशेच्या बाजाराला हात लागला नाही. एका दिवसात बंद करशील तर तो घर डोक्यावर घेईल, आणि सासूबाई पदराच्या गाठीचे पाच रुपये काढून देतील. म्हणून आधी दोनाचं एक कर. दुसऱ्याच्या जागी त्याच्या खिशात मुरमुरे, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे भरून दे. खिशात हवेत, डब्यात नको. सहा वर्षांच्या पोराला खिशातून काढून वाटायला आवडतं. पुडकं पोटात घेऊन तो शाळेत गेला तर तिथली खिचडी सांडून येतो, आणि त्या जेवणात पहिली ते पाचवीच्या पोराला 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारनं माप धरलेलं आहे. एखाद्या दिवशी शाळेत जाऊन बघ, तो खातो का. मुलीचं शाळेतलं जेवण आठवीनंतर बंद होईल, तेव्हा तिच्या डब्याची सोय आधीच मनात धर.

कंट्रोलच्या कार्डावर पाचही नावं आहेत का, आणि सगळ्यांचं ई-केवायसी झालं का, हे तपास. धाकट्या पोरांची नावं चढवायची राहून जातात आणि माणशी 5 किलो धान्य वर्षानुवर्षं बुडतं. केशरी शेतकरी कार्ड असेल तर आपल्या जिल्ह्यात 2023 पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात, ते कुणाच्या खात्यात येतात आणि कशात जातात ते बघ. त्यातून डाळ, तेल, अंडी आली पाहिजेत. आणखी एक, कंट्रोलच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, पाण्यात तरंगले, की बाया प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घालून बनवलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एखादा. तुला आणि तुझ्या मुलीला त्याचीच गरज आहे. फेकू नको, आणि पाच-पाच पाण्यांनी धुऊ नको.

बाजारात शक्य असेल तर दिवे लागणीला जा. पालेभाजीवाल्याला जुड्या परत न्यायच्या नसतात, दहाला दोनच्या तीन मिळतात. महागडी फुलकोबी सोड, मेथी-पालक घे. आणि मोरीच्या सांडपाण्यावर येत्या पावसाळ्यात मुंगन्याची, म्हणजे शेवग्याची, एक फांदी रोव. दुसऱ्या वर्षापासून शेंगाही आणि पालाही, मूठभर पाला वरणात टाकला तरी कुणाला कळत नाही. कोहळ्याचा एक वेल छपरावर सोड. मृगात पेरणीच्या वेळी कपाशीत दोन तास, म्हणजे ओळी, बरबटीचे, दोन अंबाडीचे, चार ओंजळी तीळ. ज्वारी पेर असं मी म्हणत नाही, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी लोकांना ज्वारी सोडायला लावली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

रानभाज्यांचं लिहिताना हात अडतो. तरोटा, घोळ, चिवळ, काटवल, हे सगळं पूर्वी श्रावणात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओटीभर आणायचो आणि त्यावर घर निघायचं. आजही माळावर, गायरानात मिळतं, जरूर आण. पण कपाशीच्या वावरातली घोळ आता आणू नको. तिथं तणनाशक आणि फवारा मारलेला असतो. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली, ते तू विसरली नसशील. ज्या वावरात फवारा कधी झाला ते तुला माहीत नाही, तिथला पाला घरात नको, कितीही कोवळा दिसला तरी.

सासूबाईंसाठी वेगळं रांधू नको. ज्वारीची भाकरी, डाळभाजी, ताक त्यांना चालतं. भात थोडा कमी आणि चहातली साखर कमी. गोळ्या आरोग्य केंद्रातून वेळच्या वेळी आणायच्या, एवढंच त्यांचं.

दुधाचं मुद्दाम लिहिलं नाही. घरी जनावर असेल तर पोरांना कपभर दे, सगळं डेअरीला घालू नको. नसेल तर विकत घ्यायची ओढाताण करू नको, ते पैसे अंड्यांना जाऊ दे. कॅल्शियमला तीळ आहेत, आणि संक्रांत समोर आहे. तिळगूळ वाटून उरलेले तीळ चटणीला ठेव.

एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, दोघींचंही रक्त पुन्हा तपासून घे आणि आकडे मला कळव. तुरीचं काय ठरलं, तेही लिही. आणि त्या पत्रात तू रात्री काय जेवलीस, ते पहिल्या ओळीत लिही.